नाव आणि दर्शन : घरच्या शाळेतील पक्षी-अभ्यासाचे वाङ्मय

रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘तोताकाहिनी’ या १९१८ मधील कथेत एका राजाला पोपटाला सुशिक्षित करण्याची हौस येते. सोन्याचा पिंजरा घडतो, पोथ्यांच्या नकला करणाऱ्यांची चंगळ होते, पंडितांना बिदागी मिळते. पोपटाच्या चोचीत पाने कोंबली जातात आणि अखेर तो मरतो. पाठशाळेवरील इतके भेदक भाष्य भारतीय साहित्यात क्वचितच आढळते. पण एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. या कथेत पोपट हे रूपक आहे. राजा त्याला पाहत नाही, पंडित पाहत नाहीत, आणि कथेच्या स्वभावामुळे वाचकालाही तो पक्षी म्हणून पाहण्याची गरज भासत नाही. चातक, चकोर, हंस, कोकिळा या परंपरेतील पाखरांचेही असेच झाले. ती अर्थाच्या ओझ्याने इतकी वाकली की त्यांची चोच कशी, पाय कसे, घरटे कोठे, हे विचारण्याचे कोणाला सुचले नाही.

घरी शिकणाऱ्या मुलाने रानच्या पाखरांचा अभ्यास करणे या घटनेकडे साहित्यसमीक्षेने वळावे, याचे कारण येथे आहे. या अभ्यासात पक्षी पिंजऱ्याबाहेर असतो आणि मूलही वर्गाबाहेर असते. दोघांमध्ये जे उरते ते भाषेचे असते : पाहिले त्याला नाव देणे, नाव दिले ते पुन्हा पाहणे, आणि दोन्ही वहीत लिहिणे. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवण्याचा विचार गेल्या काही दशकांत भारतीय शहरांतून रुजू लागला. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा शाळा गृहीत धरून लिहिलेला आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयामुळे मात्र घरी शिकलेल्या मुलालाही दहावीच्या परीक्षेची वाट मोकळी राहिली. या चळवळीचे सामाजिक मूल्यमापन हा वेगळा विषय आहे. येथे प्रश्न इतकाच की, पाखराचे नाव मुलाला केव्हा द्यावे, कोणत्या भाषेत द्यावे आणि ते देण्याचा अधिकार कोणाचा. या प्रश्नाची तीन उत्तरे चेन्नई या एकाच शहरात दिली गेली. ती एकत्र ठेवून वाचण्याजोगी आहेत.

चेन्नईची निवड केवळ सोयीची नाही. अड्यार नदीचे मुख, थिऑसॉफिकल सोसायटीचे जुने वृक्षवैभव, शहराच्या पोटात असलेले गिंडीचे छोटे राष्ट्रीय उद्यान आणि दक्षिणेकडील पळ्ळिकरणैची दलदल, अशी पाखरांची चार घरे या महानगरात आहेत. १९७८ पासून मद्रास नॅचरलिस्ट्स सोसायटी येथे काम करते. सुमारे पंचाहत्तर किलोमीटरवरील वेडंतंगलचे तळे तर शेतकऱ्यांनीच राखलेले. पाखरांच्या विष्ठेने तळ्याचे पाणी सकस होते आणि त्याच पाण्यावर भात पोसते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कलेक्टरने त्या राखणीला कागदोपत्री मान्यता दिली. २०२२ साली पळ्ळिकरणै आणि वेडंतंगल या दोहोंचा समावेश रामसर यादीत झाला.

येथील ऋतुमानही वेगळे आहे. महाराष्ट्रात पाऊस जूनमध्ये येतो. चेन्नईचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, ईशान्येकडून येणारा. तळी त्यानंतर भरतात आणि करकोचे, चमचे, पाणकावळे यांची वीण हिवाळ्यात सुरू होते. शाळेचे वेळापत्रक आणि पाखरांचे वेळापत्रक यांचा मेळ येथे मुळीच बसत नाही : उन्हाळी सुटी लागते तेव्हा पिले उडून गेलेली असतात. घरी शिकणाऱ्या मुलाला मात्र नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारी सकाळी तळ्याच्या बांधावर बसता येते. घरच्या शाळेचा सर्वांत निर्विवाद लाभ कोणता, असे विचारले तर तो हाच : तिला पाखरांच्या पंचांगाप्रमाणे चालता येते.

पहिले उत्तर अड्यारचे. १९०९ साली अड्यारच्या किनाऱ्यावर एक मुलगा थिऑसॉफीच्या अध्वर्यूंच्या नजरेस पडला. शाळेत तो मंद गणला जात होता, मार खात होता. त्याला आणि त्याच्या धाकट्या भावाला शाळेतून काढून अड्यारच्या आवारातच शिकवण्याची व्यवस्था झाली. पुढे जे. कृष्णमूर्ती म्हणून जग ज्यांना ओळखू लागले त्यांचे हे बालपण. घरच्या शाळेचे असे उदाहरण चेन्नईच्या इतिहासात दुसरे सापडणे कठीण. त्या शिक्षणामागे मोठा हेतू होता, भावी जगद्‌गुरू घडवण्याचा, आणि १९२९ साली कृष्णमूर्तींनी तो हेतूच नाकारला, हेही विसरता येत नाही. घरी शिकवणाऱ्या मोठ्यांची महत्त्वाकांक्षा शाळेइतकीच जाचक होऊ शकते, याचा हा पुरावा आहे.

कृष्णमूर्तींनी पुढे आयुष्यभर शिक्षणावर चिंतन केले, आणि त्यात निसर्गाकडे पाहण्याला मध्यवर्ती स्थान दिले. त्यांचा आग्रह असा की नाव दर्शनाच्या आड येते. झाडाला झाड म्हटले की मन स्मृतीकडे वळते आणि समोरचे झाड पाहायचे राहून जाते. ही भूमिका तत्त्वज्ञान म्हणून मोलाची आहे, आणि पक्षी-अभ्यासाच्या एका खऱ्या रोगावर तिचे औषध लागूही पडते. यादी पुरी करण्याच्या हव्यासात मूल पाखरू ओळखते, खूण करते आणि पुढे जाते. नाव मिळताक्षणी त्याची नजर मिटते. परंतु ही भूमिका लेखनाच्या कसोटीवर अपुरी पडते. स्वतः कृष्णमूर्तींच्या रोजनिशीवजा लेखनात निसर्गवर्णने विपुल आहेत, आणि त्यांतील पाखरे जिवंत होतात ती लेखकाने त्यांना एकमेकांपासून वेगळे केल्यामुळेच. नावाशिवाय भेद टिकत नाही आणि भेदाशिवाय स्मृती टिकत नाही. काल पाहिलेला पक्षी आजचाच का, हा प्रश्न निनावी पाहणाऱ्याला पडूच शकत नाही.

दुसरे उत्तरही अड्यारचेच, पण अगदी उलट्या दिशेचे. १९३९ साली मारिया माँटेसरी थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून अड्यारला आल्या. पुढच्याच वर्षी इटली युद्धात उतरला आणि शत्रुराष्ट्राच्या नागरिक म्हणून त्यांच्या हालचालींवर बंधने आली. युद्धाची काही वर्षे त्यांनी कोडैकनालला काढली, आणि तेथेच, पुत्र मारिओसह, मुलांच्या निसर्ग-अभ्यासाची त्यांची पद्धत आकाराला आली. त्या पद्धतीत अचूक नावाला फार मोठा मान आहे. लहान मूल शब्दांसाठी भुकेले असते. त्याला ‘पक्षी’ एवढेच सांगून थांबणे म्हणजे उपाशी ठेवणे. पिसांचे, चोचीचे, पायांचे भाग, त्यांची वर्गवारी, हे सारे मुलाच्या हातात द्यावे, असे ती सांगते. पाहणे आणि म्हणणे या दोन क्रिया मुलाच्या बाबतीत वेगळ्या नाहीत, हे माँटेसरींना उमगले होते.

मराठी वाचकाला हा प्रवाह परका नाही. माँटेसरींच्या विचाराने प्रेरित झालेल्या ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि पुढे बोर्डी व कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह बालशिक्षणाचे काम उभारले. त्यांच्या कुरणशाळेचे महत्त्व प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष आहे. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तेव्हा शाळेने कुरणात जावे, हा त्यामागचा विचार. कुरणात गेलेल्या शिक्षिकेसमोर बसलेल्या मुलांना पाखरांची नावे तिच्याहून अधिक ठाऊक असणार, हे उघड आहे. येथे माँटेसरींच्या पद्धतीत नसलेला एक प्रश्न उभा राहतो. अचूक नाव कोणाचे? शिक्षिकेच्या पुस्तकातले की गुराख्याच्या तोंडचे? या प्रश्नाकडे पुन्हा यावे लागेल.

तिसरे उत्तर मैलापूरचे, आणि साहित्याच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध. एम. कृष्णन (१९१२–१९९६) हे तमिळ कादंबरीकार अ. माधवैया यांचे धाकटे पुत्र. माधवैयांचा मृत्यू १९२५ साली मद्रास विद्यापीठाच्या सिनेटमध्ये झाला. पदवी अभ्यासक्रमात तमिळ अनिवार्य करावी, असे आग्रहाने मांडणारे भाषण त्यांनी नुकतेच संपवले होते. तेरा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला आलेला हा वारसा होता. कृष्णन यांची महाविद्यालयीन कारकीर्द यथातथाच झाली. १९४२ नंतरची काही वर्षे त्यांनी बेळ्ळारीजवळच्या संडूर या घोरपड्यांच्या मराठी संस्थानात काढली. तेथे ते शिक्षक होते, न्यायाधीश होते, प्रसिद्धी अधिकारी होते; आणि उरलेल्या वेळात मेंढ्या चारीत, कबुतरे पाळीत, रान पालथे घालीत. संस्थान विलीन झाल्यावर ते मद्रासला परतले. १९५० पासून कलकत्त्याच्या ‘द स्टेट्समन’मध्ये त्यांनी जे पाक्षिक सदर लिहिले ते १९९६ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत, शेहेचाळीस वर्षे, चालले.

नॅशनल बुक ट्रस्टने १९६१ साली काढलेल्या त्यांच्या पुस्तकाचे नावच बोलके आहे : ‘जंगल अँड बॅकयार्ड’. जंगल आणि परसू यांना एका ओळीत, एकाच मापाने बसवणे ही त्यांच्या लेखनाची मूळ प्रतिज्ञा आहे. गव्याइतकेच गांभीर्य ते कावळ्याला देतात. परसातला भारद्वाज, तारेवरचा कोतवाल, कुंपणातला शिंपी यांच्यावर त्यांनी लिहिले, ते दुर्मिळ प्राण्यावर लिहावे तसे. मरणोत्तर, २०१२ साली, त्यांच्या पक्षीविषयक लेखांचा ‘ऑफ बर्ड्‌स अँड बर्डसाँग’ हा संग्रह निघाला. त्यातूनही हेच प्रत्ययास येते.

कृष्णन यांच्या गद्याचे विशेष तीन. पहिला, पाहणाऱ्याची जागा निश्चित असणे : खिडकीतून, गच्चीवरून की झाडाखालून पाहिले, हे त्यांच्या लेखात समजते. दुसरा, अनुमान आणि निरीक्षण यांची सरमिसळ न करणे : जे दिसले ते दिसले, जे वाटले ते वाटले. तिसरा विनोद, पाखरावर मानवी भावना लादण्याचा मोह झाला की ते स्वतःचीच थट्टा करून तो मोह आवरतात. या तिन्ही विशेषांचा घरच्या पक्षी-अभ्यासाशी थेट संबंध आहे. घरी शिकवणाऱ्या आईवडिलांना बहुधा पक्षीशास्त्र येत नसते. त्यांना जमण्याजोगे असते ते असे प्रामाणिक पाहणे, आणि ‘ठाऊक नाही’ हे मुलासमोर म्हणण्याचे धैर्य. या दृष्टीने कृष्णन यांचा लेख हा माहितीचा पाठ राहत नाही; पाहण्याचा वस्तुपाठ होतो. वाचून झाल्यावर तो वाचकाला पुस्तकाकडे ठेवून घेत नाही, खिडकीकडे पाठवतो. निसर्गविषयक बालवाङ्मयाची खरी कसोटी हीच मानावी लागेल.

नावाच्या प्रश्नावर कृष्णन यांची भूमिका कृष्णमूर्ती आणि माँटेसरी या दोघांच्या मधली आहे. नाव हवे, पण दर्शनानंतर. आणि नाव मिळाले म्हणजे दर्शन संपले असे नाही. देशी झाडे व प्राणी यांविषयी सुशिक्षितांच्या अज्ञानाची त्यांनी वारंवार तक्रार केली, आणि हे अज्ञान त्यांना राष्ट्रीय अस्मितेतील उणीव वाटे. संघम वाङ्मयातील प्राणी-पक्ष्यांचे उल्लेख ते निरीक्षकाच्या नजरेने वाचीत. त्यांचे तमिळ लेख एस. थिओडोर भास्करन यांनी ‘मळैक्कालमुम् कुयिलोसैयुम्’ या नावाने २००२ साली संपादित केले. पावसाळा आणि कोकिळस्वर, असा त्या नावाचा अर्थ. नातीसाठी त्यांनी रचलेली आणि चित्रांनी सजवलेली प्राण्यांची पद्य-वर्णमाला त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने आली. ती इंग्रजीत आहे. येथे एक बोच राहते. ज्यांच्या पित्याचे अखेरचे शब्द तमिळच्या बाजूने होते, त्यांचे बहुतेक निसर्गलेखन इंग्रजी वाचकासाठी झाले. त्यात त्यांचा दोष कमी आणि काळाचा अधिक. इंग्रजी वृत्तपत्राने त्यांना शेहेचाळीस वर्षे जागा दिली. तशी जागा देशी भाषांतील वृत्तपत्रांनी आपल्या निसर्गलेखकांना किती काळ दिली, हे प्रत्येक भाषेने स्वतःला विचारावे.

हा प्रश्न मराठीला लावून पाहिला म्हणजे विषयाचे गांभीर्य कळते. चेन्नईत राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाची कल्पना करावी. मूल घरी शिकते, हातात सलीम अलींच्या १९४१ पासून आवृत्त्या निघत आलेल्या पुस्तकाची इंग्रजी प्रत, शेजारी तमिळ, आजीशी बोलणे मराठी. एकाच पाखराला तीन नावे. ही अडचण आहे की संपत्ती, हे घराने ठरवायचे असते. खंड्याला तमिळमध्ये ‘मीन्‌कोत्ति’ म्हणतात, म्हणजे मासे टोचणारा. सुताराला ‘मरंकोत्ति’, लाकूड टोचणारा. सुगरणीला ‘तूक्कणांकुरुवि’, टांगलेल्या घरट्याचे पाखरू. तमिळ नावे बहुधा पाखराची कृती सांगतात. मराठी नावांनी पाखरांचे एक गाव वसवले आहे : शिंपी, सुतार, परीट, कोतवाल, धीवर, सुगरण. तमिळमध्येही शिंप्याला ‘तैयल्‌चिट्टु’ म्हणजे शिवणारे पाखरू म्हणतात, तेव्हा हा भेद काटेकोर मानू नये. तरीही कल स्पष्ट आहे. तमिळ नाव मुलाला सांगते, ते काय करते पाहा. मराठी नाव सांगते, ते आपल्यातले कोण आहे पाहा. दोन्ही नावे जाणणारे मूल एकाच पाखराकडे दोनदा पाहते.

नवरंगाचे उदाहरण याहून बोधक आहे. कोकणातील आजीला नवरंग ठाऊक असतो तो पावसाच्या तोंडावर रान घुमवणारा, वीण घालणारा पक्षी म्हणून. तोच पक्षी हिवाळ्यात दक्षिणेकडे उतरतो आणि चेन्नईच्या बागांतून पालापाचोळा उलथताना दिसतो. पहाटे आणि सांजेला सहाच्या सुमारास तो शीळ घालतो, म्हणून तमिळमध्ये त्याला ‘आरुमणिक्कुरुवि’, सहा वाजताचे पाखरू, असे नाव पडले. मराठी नाव त्याच्या रंगावरून आले, तमिळ नाव त्याच्या वेळेवरून. एका पाखराचे वर्ष दोन भाषांत वाटले गेले आहे, आणि ते पुरे करायचे तर आजीच्या आठवणीला नातवाच्या वहीची जोड हवी. पत्रातून किंवा दूरध्वनीवरून झालेली अशी देवघेव हा घरच्या शाळेतला फार वरच्या दर्जाचा पाठ म्हटला पाहिजे.

अशा पाठाने कविसंकेतांचीही परीक्षा होते. चातक पावसाची वाट पाहतो आणि त्याच्यासह येतो, हे मराठी मनात घट्ट बसलेले आहे, आणि महाराष्ट्रापुरते ते अनुभवाशी जुळतेही. कारण आफ्रिकेतून येणारे चातक जूनच्या वाऱ्यांबरोबर पोहोचतात. दक्षिण भारतातील चातकांचा एक वर्ग मात्र तेथेच बारमाही राहतो. चेन्नईतील मुलाला चातक भर कोरड्या दिवसांतही दिसू शकतो. तसेच कोकिळेचे. कवितेत ती गाते. झाडावर गातो तो काळा नर, आणि ठिपक्यांची मादी कावळ्याच्या घरट्याच्या शोधात असते. ही उणीव दाखवून कवितेला खोटे पाडण्याचे कारण नाही. संकेत कोणत्या भूमीत आणि कोणत्या पावसात जन्मला, हे कळल्याने तो अधिक समजतो. साहित्याच्या विद्यार्थ्याने ऋतुवर्णने शिकण्यापूर्वी एक वर्ष पाखरांची नोंदवही ठेवावी, असे सुचवणे म्हणूनच अतिरेकाचे ठरू नये.

मराठीत या प्रकारचे वाङ्मय नाही, असे मुळीच नाही. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ चे. व्यंकटेश माडगूळकरांनी रानाला गद्याची शिस्त दिली. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनाधिकारी म्हणून केलेल्या भटकंतीतून पाखरांच्या नावांचा मोठा ठेवा गोळा केला आणि ‘पक्षिकोशा’त तो मांडला. त्यांच्या ‘चकवाचांदण’ या आत्मकथनात रानाचे पहिले पाठ मिळतात ते आईकडून आणि मामाकडून. मराठीतील घरच्या शाळेचे हे एक उत्तम वर्णन मानावे लागेल, जरी त्या घराने तिला शाळा म्हटले नसेल. मात्र एक उणीव जाणवते. मराठी निसर्गलेखनाची ओढ मुख्यतः दाट रानाकडे आहे. परसावर कृष्णन यांनी जी चिकाटी खर्च केली तिच्या तोडीचे मुलांसाठीचे लेखन थोडे आहे. मुलांच्या हाती पडणाऱ्या पुस्तिकांत तर इंग्रजी नावांची शब्दशः संस्कृत रूपे पुष्कळदा दिसतात. अशी नावे अचूक असतात, पण त्यांना कान नसतो. ‘पावशा’ या नावात शेतकऱ्याला ऐकू आलेला ‘पेरते व्हा’ हा हाकारा आहे. पावशाला दुसरे शास्त्रशुद्ध नाव देता येईल. ते ऐकून कोणी तिफण बाहेर काढणार नाही.

दक्षिणेत मराठीने पाठाचे वाङ्मय पूर्वीही रचले आहे. तंजावरचे सरफोजी राजे (दुसरे) यांचे स्वतःचे शिक्षण मिशनऱ्यांच्या देखरेखीखाली झाले, त्यातील काही काळ मद्रासला. त्यांनी प्राणी-पक्ष्यांची चित्रे काढवून घेतली, आणि ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात जगाचा भूगोल गुंफला. त्यांनी निवडलेला रचनाप्रकार येथे महत्त्वाचा आहे. तमिळ कुरवंजीत भविष्य सांगणारी कुरव स्त्री असते आणि तिचा नवरा पाखरे धरणारा पारधी असतो. जाळे मांडताना तो पाखरांची नावे घेतो. राजाने विद्येचा पाठ द्यायला जे मुख निवडले ते पंडिताचे नव्हते, रानातून आलेल्या स्त्रीचे होते. नाटकात का होईना, ज्ञान कोणाकडे असते याची ती कबुली होती.

येथे कुरणशाळेने उभा केलेला प्रश्न परत येतो. तमिळनाडूत पाखरांचे ज्ञान घरीच, बापाकडून मुलाकडे देणारा एक समाज आजही आहे : नरिकुरव. कुरवंजीतील कुरवांहून तो वेगळा. त्याची बोली भारतीय-आर्य कुळातली, म्हणजे मराठीची दूरची नातलग. त्यांचे दुसरे नाव ‘कुरुविक्कारन’, पाखरेवाला. पिढ्यान्‌पिढ्या पाखरांच्या सवयींवर त्यांचे पोट चालले. कोणती जात कोणत्या वेळी पाण्यावर उतरते, कोणत्या सादेला फसते, हे त्यांच्या मुलांना अक्षर न गिरवता कळत होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. पाखरांच्या बाजूने ते आवश्यकच होते. पण त्याबरोबर एका समाजाची घरची विद्या गुन्ह्याच्या कोठडीत जाऊन पडली, आणि तिची नोंद करून घेण्याचे भान फारसे कोणाला राहिले नाही. नरिकोरवन, कुरुविक्कारन यांचा तमिळनाडूच्या अनुसूचित जमातींत समावेश होण्यास २०२३ साल उजाडावे लागले.

दुर्बीण घेऊन निघालेल्या शहरी कुटुंबाच्या पक्षी-अभ्यासाला घरचे शिक्षण म्हणायचे आणि या समाजाच्या मुलांच्या ज्ञानाला अशिक्षितपणा म्हणायचे, हा भेद साहित्याच्या अभ्यासकाला तरी सोयीस्करपणे विसरता येणार नाही. घरच्या शाळेवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप, ती सुखवस्तूंची चैन आहे हा, याच ठिकाणी खरा ठरतो. तो दूर करायचा तर तिने आपल्या अभ्यासक्रमात पाखरांबरोबर पाखरे जाणणाऱ्या माणसांनाही स्थान द्यायला हवे. वेडंतंगलच्या बांधावर करकोचे मोजणाऱ्या मुलाने तळे राखणाऱ्या शेतकऱ्याला त्याचे नाव विचारावे, आणि वहीत इंग्रजी नावाच्या आधी ते लिहावे. एवढ्याने अन्याय दूर होत नाही. मुलाला मात्र एवढे कळते की पुस्तक छापण्यापूर्वीही पाखरांना नावे होती आणि ती कोणीतरी जपली होती.

कृष्णमूर्तींचा इशारा, माँटेसरींचा आग्रह आणि कृष्णन यांचा वस्तुपाठ यांचा मेळ अखेर मुलाच्या वहीतच घालावा लागतो. त्या वहीत पहिल्या दिवशी नाव नसावे. पाखराचा आकार, चाल, आवाज, वेळ आणि जागा असावी. नाव दुसऱ्या दिवशी यावे, आणि ते घरच्या भाषेत, शेजारच्या भाषेत व शास्त्राच्या भाषेत, असे तिन्ही परींनी यावे. तिसऱ्या दिवशी मुलाने त्याच झाडाखाली पुन्हा जावे. पाखरू तेथे नसेल तर तेही लिहावे. न दिसलेल्याची नोंद करणे ही गद्याची पहिली शिस्त आहे, आणि ती अंगी बाणलेले मूल पुढे काहीही लिहू लागले तरी त्याच्या लेखनात लबाडी सहसा शिरत नाही.

भाषेच्या बाजूने धोका मात्र तातडीचा आहे. पाखरू नाहीसे होते तेव्हा त्याची निदान गणना होते. पाखराचे नाव नाहीसे होते तेव्हा कोणी मोजत नाही. पावशा, टिटवी, दयाळ, पिंगळा ही नावे कोशात सुरक्षित आहेत, हे समाधान पुरेसे नाही. कोशातले नाव आणि मुलाच्या तोंडातले नाव यांत पिंजऱ्यातल्या आणि रानातल्या पाखराइतके अंतर असते. ते नाव मुलाच्या तोंडी जायला चेन्नईतील एखाद्या घराची गच्ची, समोरचे झाड आणि सकाळची वेळ पुरेशी आहे. पण ते सांगणारे कोणीतरी त्या गच्चीवर मुलाच्या शेजारी उभे असावे लागते.